सत्तर पानांचा पुडा

मोजणं मला शिकवू नका.
अकरा उन्हाळे बसते आहे तेंदूच्या फळीवर.
सत्तर पानांचा एक पुडा;
एकोणसत्तर असली तर हाताला कळतं,
सुतळी न सोडताच.

हा आकडा मात्र हाताला कळत नाही.

अर्जुनीच्या लॅबमध्ये प्रणोतीनं दंड बांधला,
"मूठ वळा ताई," म्हणाली.
मी घरूनच वळून आले होते.

संध्याकाळी टिकेशच्या फोनवर कागद उतरला.
माझ्या नावात एक अक्षर चुकलेलं, वय बरोबर,
आणि समोर चौऱ्याण्णव पूर्णांक दोन.

चौऱ्याण्णव म्हणजे किती?
परीक्षेतले असते तर पेढे वाटले असते,
तापाचे असते तर
अंग गार पडलं म्हणून घोंगडी टाकली असती.

नागपूरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या,
पाचाच्या खाली असतं तर नाही म्हटलं असतं.
पंचविसाच्या वर आहे, म्हणजे काहीतरी रुजलंय.
टिकलंय असं मी अजून म्हणत नाही.
एकटा आकडा मुका असतो, निरूपा.
परवा पुन्हा रक्त दे, त्याच लॅबला.
दोन आकडे झाले की ते आपसात काय बोलतात
ते ऐकू.

सासूबाई उंबऱ्यात बसून बिड्या वळत होत्या.
"होय का नाई?"
"होच्या जवळ आहे, मामी."
"होच्या जवळ कोणतं गाव असते वं?"

मागच्या खेपेला मला धीर नव्हता.
गर्भ सोडल्याच्या चौथ्याच दिवशी
मोरीचं दार लावून पट्टी ओली केली.
फिकी रेघ आली, चवळीच्या शेंगेच्या शिरेएवढी.
नणंदेला फोन केला, तिनं गावभर केला.
मॅडम नंतर म्हणाल्या, ती रेघ पोटातली नव्हती,
सुईतली होती;
अंडी पिकवायला दिलेलं औषध
अजून रक्तात हिंडत होतं.
रेघ खोटी नव्हती, म्हणजे.
फक्त माझी नव्हती.

म्हणून यंदा पट्टी नाही.
यंदा रोज रात्री उपकेंद्रातल्या सिस्टर,
तेलातलं जाड इंजेक्शन,
आणि मग कमरेच्या गाठींवर
टिकेश विटकरीचा तुकडा तापवून फडक्यात धरतो.
तो काही विचारत नाही.
एकदाच म्हणाला, जास्त तर नाही ना तापली?

परवाचा आकडा एकशे एक्कावन्न.

फळीच्या वहीत मागच्या पानावर मी मांडलं:
चौऱ्याण्णवाची दुप्पट एकशे अठ्ठ्याऐंशी.
सदतीस कमी.
सदतीस पानं कमी असलेला पुडा
मी उघडूनही पाहत नाही,
बाजूला फेकते.

मॅडम म्हणाल्या, दुप्पटच लागते असं कुठे आहे?
दोन दिवसांत दीडपट झालं तरी पुष्कळांचं नीट चालतं.
तुझं दीडपटीच्या थोडं वरच आहे.
मग बरं आहे का?
बरं आहे असं नाही म्हणत. वाईट नाही म्हणते.
शनिवारी तिसरं बघू,
खरं काय ते पुढे सोनोग्राफीतच दिसेल.

बरं आणि वाईट नाही यांच्या मधे
केवढा मोठा तलाव आहे, बाई,
आणि नाव एकही नाही.

काल फळीवर मुन्नीबाईचा पुडा हाताला हलका लागला.
सत्तरीच्या म्हातारीनं पहाटे तीनला जंगल गाठलेलं,
बोटं चिकानं काळी.
सदुसष्ट होती. मोजलीच नाही, तरी सदुसष्ट होती.
मी मान वर केली नाही.
सत्तर लिहिलं.

शनिवारी डावा हात देईन.
उजव्याची शीर निळी पडली आहे.